होरीवर न चढणारी

— नाय नाय, थांब बाला, परत दाखव. आवाज कमी कर, शेजारची सोनाबाई कान टवकारून बसलीय. हां — ही मी? ही? अरे प्रांजल, चार दिस तू या पनवेलच्या मच्छीबाजारात माझ्यासमोर बसलास, मी कशी चालते, कशी बोलते सगळं मोबाईलात भरून नेलंस, आनि गेममधे ही कोन उभी केलीस? कंबर बघ तिची! या कंबरेनं बर्फाची टोपली उचलली तर मधीच मोडेल बिचारी — घ्या ताई, मांदेली बघा, सकाळची हाय — आनि लुगडं असं आवळलंय की वाकायचं कसं तिनं? बरं, ते सोड. चालव तिला. बोट दाबलं की चालते ना? बाजारात चालते, देवळात चालते, धक्क्यावर पन चालते. आता होरीवर चढव, ती बघ धक्क्याला बांधलेली. चढव ना! — बघ. थांबली. होरीला पाय लावायच्या आदी थांबली आनि काय बोलते? 'सांभाळून जा.' माझाच आवाज.

काल माझ्या मनस्वीनं हेच केलं. तू पाठवलास ना तिला गेम, आदी तू खेळून बघ म्हणून? करंज्याला घरी, ओटीवर बसून सारखी दाबत होती पोर — बाई होरीपाशी जाते, थांबते, 'सांभाळून जा'. मागं आनते, परत नेते, परत तेच. तुझा तो नाखवा मात्र उडी मारून चढतो, जाळं टाकतो, वादळात काय घुसतो! त्याला सगळं करता येतं, हिला काय, नुसतं विकायचं आनि हात हलवायचा? मग पोरीनं मोबाईल बाजूला टाकला आनि बघितलं — माझ्याकडं. तू समोर नव्हतास ना, मीच सापडले. — काय? मीच सांगितलं होतं? हो, सांगितलं. आमच्यात बाया होरीवर चढत नाय, बोलले मी. नारळी पुनवेला होरी सजवायची, पूजा करायची, होरीनं आनलेली मासळी विकायची, पन मासेमारीला चढायचं नाय. तू विचारलंस म्हणून सांगितलं! मी बोलले आनि तू लगेच पक्कं करून टाकलंस? इतका माझा शब्द घरात कोन ऐकत नाय रे!

वाजू दे तो फोन. मनस्वीचा बाबा हाय. सकाळपासून लावतोय. काय तरी शोधत असेल. — नाय, उचलत नाय मी, हात ओले हायत. ... अरे, होरी निघायचीय त्याची, दुपारच्या भरतीला. एक खलाशी गावावरून आलाच नाय. तर पोर बोलली, बाबा मी येते. तिला येतं सगळं, होरीचं मशीन खोलून परत बसवते ती. आनि हा बाबा — मला वाटलं खेकसेल — तर बोलतो, चल! मग खेकसलं कोन? मी. लोक काय बोलतील, लगीन कसं जमेल, तोंडाला येईल ते बोलले. खरं सांगू? भीती वाटते. नवऱ्यासाठी जीव टांगणीला लावून बसते ते काय कमी हाय, आता पोरीसाठी पन बसायचं? ... चावी शोधतोय तो. मशीनची. अरे, इथं हाय, माझ्या कंबरेला. पहाटे टेम्पोत बसायच्या आदी खोचून आनली. होरीच हलायला नको, म्हटलं. — बघतोस काय असा? तू मोबाईलात आडवलीस, मी घरात आडवली. आनि इथं बसून तुलाच शिव्या देतेय मघापासून.

परत वाजला. आता मनस्वीचा. काय बोलू मी तिला? ... बाईक आनलीस ना? मग ही चावी धर. अशी नको, खिशात टाक, चेन लाव. भरतीच्या आदी पोच करंज्याला. बाबा हात पुढं करेल, त्याला नाय द्यायची. मनस्वीच्या हातात दे. कळलं? तिच्या हातात. आनि तिला सांग, सांभाळून — नाय. काय नको सांगू. ऊठ, ऊठ आता, गिऱ्हाईक उभं हाय.