दोन सीटची लाल गाडी

आमच्या घरी एक नियम होता आणि तो का, हे विचारायचं नाही. आप्पाकाकांची गाडी अडली की धक्का पोरींनी मारायचा, स्टिअरिंगवर मात्र पुरुषच बसणार.

गाडी जुनी विलायती, लाल, दोन सीटची, वरून उघडी. देवळालीच्या एका निवृत्त मेजरकडून घेतलेली. त्या वर्षी धाकट्या काकांनी नवी छोटी गाडी आणली होती, किल्ली फिरवली की चालू. दसऱ्याला दोघींना झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. नवी लगेच निघाली, जुनी अडून बसली.

"नव्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे," आप्पाकाका स्टिअरिंगवरूनच म्हणाले. "हिला जीव आहे. हिची नस ओळखावी लागते. चला गं, मारा धक्का!"

मी म्हटलं, "काका, आज मी बसू? लायसन्स काढलंय मी."

"हौस असेल तर ती नवी चालव. ती बायकांना जमण्यासारखी आहे."

बाबा आणि धाकटे काका हसले.

खरं सांगू? मलाही ती लालच आवडायची. शाळेपासून तिला ढकलत आले होते. इंजिन आता पकडणार, हे माझ्या तळहातांना आधी कळायचं, काकांना नंतर.

मी गाडीवरचे हात काढले. "नवी नको. आणि आजपासून हिला धक्काही मारणार नाही. काका, तुम्ही उतरा. मी बसते, तुम्ही तिघे भाऊ ढकला."

बाबांनी आप्पाकाकांकडे पाहिलं, आप्पाकाकांनी समोरच्या काचेकडे. मी त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं.