सोबत नमुना जोडला आहे

मॉनिटर : रोल नंबर अठ्ठावीस. छंद : "फावल्या वेळात पोहणे."

वही : हा पण पोहतो?

मॉनिटर : हा पण. अकरा झाले.

वही : अगं, हा सहलीला तळ्याच्या काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसला होता. घोट्यापर्यंत उतर म्हटलं तर रडायच्या बेताला आला.

मॉनिटर : पंचवीस वर्षांत शिकला असेल.

वही : पंचवीस वर्षांत हा बायकोला विचारल्याशिवाय आंघोळीला गेला नसेल. कॉपी केलीय. सरळसरळ कॉपी.

मॉनिटर : "गुणवत्तेचा अविरत ध्यास हेच माझ्या वाटचालीचे गमक."

वही : हाही तेच म्हणतो?

मॉनिटर : सतरावा. याच्या आधीचा खुर्च्या भाड्यानं देतो.

वही : खुर्च्यांचा अविरत ध्यास! बसा म्हणावं.

(छापखान्याची मागची खोली. टेबलावर बेचाळीस फॉर्म, एक लाल पेन. पलीकडे मशीन चालू. चार वाजून दहा मिनिटं. पाच वाजता बॅचच्या पंचविसाव्या वर्षाच्या मेळाव्याच्या स्मरणिकेची प्लेट काढायची आहे.)

मॉनिटर : हसतोस काय? चूक माझी. पत्राखाली लिहिलं, 'सोबत नमुना जोडला आहे.' नमुना म्हणजे कसं लिहायचं ते, काय लिहायचं ते नव्हे, हे सांगायला हवं होतं.

वही : आपल्या बॅचला? नमुना दिसला की हात आपोआप चालतो यांचा. केमिस्ट्री शिकले म्हणे. तीन वर्षांत केमिकलचा वास तरी घेतला का कुणी? माझी वही घ्यायची, उतरवायची, घरी जायचं. मी जर्नल दिलं नसतं तर ही मंडळी अजून प्रयोगशाळेत उभी असती.

मॉनिटर : म्हणून तर तुझं नाव वही.

वही : आणि तुझं मॉनिटर. पोरांना गप्प बसवता बसवता घसा फाटला तुझा.

मॉनिटर : आता छापून गप्प बसवते. पुढचा घे. गोंद.

वही : सरांना चिकटायचा तो? काय करतोय?

मॉनिटर : "जागतिक पुरवठा साखळीचे नेतृत्व."

वही : म्हणजे?

मॉनिटर : मी फोन करून विचारलं. गोडाऊन आहे. खोकी येतात, खोकी जातात.

वही : मग 'खोकी' लिही.

मॉनिटर : चाळीस शब्दांत ज्याला जे लिहायचं ते. मी फक्त शुद्धलेखन बघते.

वही : आणि सुगंधी?

मॉनिटर : "जीवनकौशल्य मार्गदर्शक. हजारोंच्या आयुष्याला दिशा."

वही : जिना चढून वर्गात आली की डावीकडे जायचं की उजवीकडे हे तिला तीन वर्षं कळलं नाही. ती दिशा देतेय! एक सांगू? हे असले लोक पुढे गेले ना, ते लाज नव्हती म्हणून गेले. बुद्धी बिद्धी काही नाही. नुसती जीभ. एकेकाला थेंब मोजायचं ब्युरेट धरता येत नव्हतं.

मॉनिटर : तुला येत होतं.

वही : मला येत होतं.

मॉनिटर : तुला पोहता येतं का रे?

वही : काय?

मॉनिटर : नमुना तू भरून दिलास. पोहणे तुझं आहे. अविरत ध्यास तुझा आहे.

वही : तूच म्हणालीस, तुझं मराठी बरंय, एक भरून दे. पाच मिनिटांत खरडलं. छंदात काहीतरी लिहायला हवं ना?

मॉनिटर : येतं का?

वही : नाही.

मॉनिटर : बरं. म्हणजे अकराच्या अकरा बुडणार.

वही : हे बघ, चहा सांगतेस का?

मॉनिटर : सांगते. त्याआधी पहिलं पान बघ. सरांनी निवडलंय.

वही : सर? ते येणारेत?

मॉनिटर : येणारेत. मी त्यांना सगळे फॉर्म पाठवले होते. म्हणाले, एकच मुलगा सांगण्यासारखा निघाला. त्याची ओळख मी स्वतः करून देणार. "रंगोद्योगातील नामवंत संस्थेत संशोधन विभागाचा प्रमुख." फोटोसकट. पान पहिलं. वाच ना.

वही : माझं कशाला पहिल्या पानावर? नमुना होता तो.

मॉनिटर : नमुना होता, मग स्वतःचाच रोल नंबर का टाकलास?

वही : दुसऱ्या कुणाचा टाकणार?

मॉनिटर : मी तुला दोनदा विचारलं, हाच फॉर्म धरू का? तू म्हणालास, धर.

वही : हो, मग धर की. प्रमुख होतो मी. विभाग होता. अकरा माणसं होती हाताखाली.

मॉनिटर : होतो.

वही : 'होतो' आणि 'आहे' यात एवढा काय फरक पडतो चाळीस शब्दांत?

मॉनिटर : पुढच्या दाराला रंग द्यायचाय मला.

वही : मध्येच हे काय?

मॉनिटर : मंगळवारी दुकानात गेले होते. चौकातलं, मोठं काचेचं. मालक फोनवर होता. फोनच्या तोंडावर हात ठेवून मागे ओरडला, "भाऊजी, ऑफव्हाइट चार लिटर काढा." आणि भाऊजी वाकले. मशीनवर नंबर दाबला. डबा आत ठेवला. डबा हलायला लागला. पाठ ओळखली मी. तीन वर्षं त्याच पाठीमागे बसून लिहिलंय.

वही : रंग घेतलास?

मॉनिटर : नाही. परत आले.

वही : घ्यायचास. आठ टक्के कमी करून दिला असता. मेहुण्याचं दुकान आहे.

मॉनिटर : कधीपासून?

वही : लॅब बंद झाली त्याला चार वर्षं झाली. आधी वाटलं, दोन महिने. मेहुणा म्हणाला, घरी बसून काय करताय, या. बायको म्हणाली, रंगाचंच तर आहे. रंगाचंच आहे! वीस वर्षं मी ज्या शेड बनवल्या, त्या आता कार्डावर छापून येतात. गिऱ्हाईक बोट ठेवतं. मी नंबर दाबतो. आणि हे गोडाऊनवाले, खुर्चीवाले, ज्यांना ॲसिड आणि पाणी यातला फरक वासानं कळत नव्हता, ते स्टेजवर बसणार आणि मी त्यांना सांगू, शेड काढतो?

मॉनिटर : नको सांगूस. येऊ नकोस.

वही : ओळख सर करून देणारेत म्हणतेस.

मॉनिटर : म्हणूनच विचारतेय. पाचला प्लेट जाते.

वही : जाऊ दे तशीच. कुणाला कळणारेय? सगळेच फेकतायत. माझं एकट्याचं खोटं तेवढं टोचतं तुला?

मॉनिटर : त्यांचं खोटं कॉपी आहे. तुझं ओरिजिनल.

वही : छान बोलतेस. तुझा फॉर्म बघू.

मॉनिटर : बघ. "छापखाना चालवते. लोकांच्या चुका दुरुस्त करते. काही राहतात."

वही : तुला परवडतं असं लिहायला. दुकान तुझं आहे.

प्लेटवाला : मॅडम, पहिला फर्मा येतोय का? सोळातली बाकी पानं लावून तयार ठेवलीत मी.

मॉनिटर : पहिलं पान सोडून लाव. देते.

प्लेटवाला : पहिलं सोडून कसं लावू? पहिल्याच्या पाठीवर दुसरं आहे.

मॉनिटर : दहा मिनिटं थांब, बाबा.

वही : त्याला सांग ना, लाव म्हणून. बेचाळीस माणसं. एक संध्याकाळ. जेवतील, फोटो काढतील, घरी जातील. स्मरणिका माळ्यावर.

मॉनिटर : एक्केचाळीस फॉर्म झाले. एक राहिलाय. वाचू?

वही : पोहतो का?

मॉनिटर : नाही. घुम्याचा आहे.

वही : घुम्या? तो कुठं आपल्या बॅचमध्ये पास झाला?

मॉनिटर : कॉलेजात तर आपल्याबरोबरच आला होता. मी पाठवला फॉर्म. "हल्ली पाणीपुरवठा केंद्रावर असतो. रोज नमुने तपासतो. काम आवडतं."

वही : बस?

मॉनिटर : बस. छंदाचा रकाना रिकामा.

वही : चाळीस शब्द दिले तर नऊ वापरले. तेव्हाही तसाच होता. दगड. सगळे वही मागायचे, हा ब्युरेटसमोर डोळे बारीक करून उभा. एकेक थेंब. अरे, घरी जा ना!

मॉनिटर : शेवटच्या परीक्षेचा प्रयोग आठवतो?

वही : नाही.

मॉनिटर : आठवतो तुला. एक्केचाळीस जणांचं रीडिंग बारा पॉइंट तीन. घुम्याचं तेरा पॉइंट दोन. सरांनी जर्नलं समोर ठेवली, मोजली आणि घुम्याला उभं केलं. म्हणाले, अख्खा वर्ग चुकला आणि तू एकटा शहाणा? टर्म अडकली त्याची. वर्ष गेलं.

वही : सर गाढव होते. द्रावणाच्या बाटलीवरचा खरा आकडा बघायला काय जात होतं त्यांचं?

मॉनिटर : आणि तू?

वही : आकडे उलटे पडले. कच्च्या कागदावर तेरा पॉइंट दोन होतं. वहीत उतरवताना दोन आणि तीन इकडचे तिकडे. तोवर वही गेली होती बाकांवरून फिरत.

मॉनिटर : कळलं कधी?

वही : त्याच संध्याकाळी.

मॉनिटर : आणि घुम्याला उभं केलं ते तिसऱ्या दिवशी.

वही : बोललो असतो तर एक्केचाळीस जणांची टर्म अडकली असती.

मॉनिटर : माझीसुद्धा. मला ठाऊक होतं.

वही : काय ठाऊक होतं?

मॉनिटर : तुझ्या शेजारी उभी होते मी. ब्युरेट मीही पाहिलं होतं. तेरा पॉइंट दोन. मग वही आली, त्यात बारा पॉइंट तीन. वाटलं, वहीत आहे म्हणजे माझेच डोळे गेले. खोडलं आणि उतरवलं.

वही : पंचवीस वर्षांत बोलली नाहीस.

मॉनिटर : बोलायला तोंड होतं का मला? त्या सगळ्यांना आपण तासभर शिव्या देतोय. मी उतरवलं, तू दिलंस. फरक एवढाच. पण एकदा उतरवलं ते उतरवलं. आता छापणार नाही मी. फॉर्म काढून घे, नाहीतर दुसरा भर. पहिल्या पानावर सरांचा फोटो टाकते, मोठा. गाढवाला जागा लागतेच.

वही : रोल नंबर गाळलास तर विचारतील.

मॉनिटर : विचारू देत.

वही : गोंद विचारेल. हसेल.

मॉनिटर : गोंद हसेलच. खोकी उचलून त्याची पाठ गेलीय, त्यालाही काहीतरी हवं ना.

प्लेटवाला : मॅडम, पाच.

मॉनिटर : आले.

वही : कोरा फॉर्म आहे?

मॉनिटर : हा घे. पेन लालच आहे.

वही : चालेल. घुम्याचं वाच परत.

मॉनिटर : आत्ता तर वाचलं.

वही : हळू वाच.

मॉनिटर : "हल्ली पाणीपुरवठा केंद्रावर असतो."

वही : हल्ली... रंगाच्या दुकानात... असतो. हं.

मॉनिटर : "रोज नमुने तपासतो."

वही : रोज... शेड काढून देतो. पुढे?

मॉनिटर : "काम आवडतं."

वही : हे उतरवू?

मॉनिटर : तिथं तुझं जे रीडिंग आलं असेल ते लिही.