करंगळीएवढी धार

हॅलो?… कोण, सरला? अगं, आज भरदुपारी फोन?… बरं, सगळी ऑफिसला गेलीत, एकटीच आहेस. बोल. पण मी हळू बोलते हं, जागृती आणि बाळ आत्ताच न्हाऊन झोपलेत.

हो, हो, घातलं न्हाऊ. बॉयलर फुटला म्हणून बाळंतिणीची आंघोळ चुकते होय? शेगडीवर सगळी मोठी पातेली चढवली आणि एकेक करून न्हाणीघरात नेली. हात गेलेत खांद्यापासून, पण लेकीच्या पाठीला शेक मिळाला.

फुटला म्हणजे… अगं, गराजमध्ये हे मोठं पिंप उभं असतं ना यांचं, त्याचं बूडच गेलं. खाली तळं. सिद्धेशराव काल सकाळी गाडी काढायला गेले आणि भिजलेले मोजे हातात घेऊन परत आले. जावई माणूस, हसता येत नाही. मी पदर तोंडाला लावला.

ऐकतेयस ना?… हं. तर आज दुपारी प्लंबर येणार नवा बसवायला. आणि कोणता बसवायचा, यावर कालपासून घरात सभा भरलीय.

सिद्धेशरावांना तो भिंतीवरचा हवाय. टाकी नसलेला… हो गं, तोच, तुझ्या शैलेंद्रनं तुमच्याकडे दिवाळीत बसवला तो. पाणी साठवायचं नाही, नळ सोडला की जाळ पेटतो, तेवढ्यापुरतं पाणी तापतं. गॅस वाचतो, जागा वाचते, पाणी संपत नाही. मला कागदावर चित्रं काढून दाखवली त्यांनी. मी म्हटलं, सिद्धेशराव, मी चौथीत शाळा सोडली हे खरं, पण बंब मी तुमच्या आईच्या लग्नाआधीपासून पेटवतेय. राख कुठून काढायची आणि ढलपी कुठून घालायची ते मला कुणी चित्र काढून शिकवलं नव्हतं.

काय?… नको घेऊ म्हणतेस? अगं, मी घेतच नाहीये. ऐक ना आधी.

घर बघून मुलगी द्यावी आणि आंघोळ बघून बंब घ्यावा. या घरात आंघोळ कशी होते? मी पाटावर बसते, पाय लांब करते, बाळाला पायांवर घेते. तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. तांब्याभर घातलं की थांबायचं. पोर रडलं की थांबायचं. नळ सोडला, बंद केला, परत सोडला. मी सिद्धेशरावांना विचारलं, दर वेळी त्या भिंतीवरच्या पेटीतला जाळ विझणार आणि पेटणार, मग मधलं पाणी कसं येणार? त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं. म्हणाले, आई, मध्येच एक गार लोट येऊ शकतो. मी म्हटलं, तो लोट तुमच्या लेकाच्या टाळूवर पडला तर? पुस्तक मिटून ठेवलं. हुशार आहे मुलगा. पुस्तक कधी मिटायचं ते कळतं.

आणि इथे आमच्या कॅरी गावात बर्फाचा पाऊस पडतो ना, तो तारांवर गोठतो आणि तारा तुटतात. वीज गेली की पेटी ठप्प. टाकीखाली मात्र गॅसची बारकी ज्योत जळत असते, तिला विजेशी देणंघेणं नाही. तेव्हा टाकीचाच, आणि तोही आधीपेक्षा मोठा. पुढच्या महिन्यात विहीणबाई येणार आहेत, त्यांना केस धुवायला तळं लागतं.

पण तू का नको म्हणतेस? तुझ्याकडे तर सगळे खूश आहेत ना?

गरम पाणी येत नाही? कसं येत नाही? शैलेंद्र सिद्धेशरावांना सांगत होता, पाहुणे आले तेव्हा सगळ्यांनी एकामागून एक आंघोळी केल्या, शेवटच्यालाही कढत पाणी.

त्यांना येतं आणि तुला येत नाही… म्हणजे काय गं? पाणी माणूस बघून तापतं का?

पहाटे येत नाही. बरं. आणि दुपारी भांडी विसळताना येतं. रात्री आश्लेषा आंघोळीला गेली की आरसा धुकटतो. हं.

मग तू पहाटे आंघोळ कशानं करतेस?

सरले, मी काहीतरी विचारलं.

गार पाण्यानं. दिवाळीपासून. या थंडीत.

नाही, ओरडत नाहीये मी. बाळ झोपलंय म्हणून ओरडत नाहीये, नाहीतर तिकडे तुझ्या प्लेनोपर्यंत फोनशिवाय ऐकू गेलं असतं. गुडघे धरलेत, गुडघे धरलेत, असं पंधरवडाभर रडतेयस, ते हे होय? आणि शैलेंद्रला बोलली नाहीस?

काय म्हणालीस? परत बोल.

तिकीट? कुणाचं तिकीट?… आज संध्याकाळी काढतोय तो? अगं, तू गुढी उभारूनच जाणार होतीस ना? नातवासाठी साखरेची गाठी सामानात बांधून नेलीस, मीच आणून दिली होती. आणि आता गुडघ्यांचं निमित्त करून निघालीस?

सरले, मी तुझी थोरली बहीण आहे. गुडघे दुखतात म्हणून तू घर सोडणारी नव्हेस. खरं काय ते सांग.

हं…

हं…

बटण? कसलं बटण?… भिंतीवर आहे. त्या बॉयलरचं. आणि आश्लेषा रात्री भांडी आवरली की ते दाबते. तू डोळ्यांनी पाहिलंस. म्हणून पहाटे पाणी गार. म्हणजे सासू उठायच्या आत सून बॉयलर बंद करून ठेवते, असं तुझं म्हणणं.

थांब. थांब जरा, मला विचार करू दे. त्या मुलीवर भडकायला मला फार आवडलं असतं गं, लग्नात तिच्या मावशीनं मला पंक्तीत शेवटी बसवलं होतं. पण हे काही जुळत नाही. तुला ती स्वेटर आणते, तुझ्यासाठी भाकरीचं पीठ शोधत गाव पालथं घालते, आणि पाणी तेवढं तोडते? ज्याला छळायचंय तो असा अर्धवट छळत नाही. मी सासू होते, मला माहीत आहे.

एक सांग. नळ किती सोडतेस?

अगं, किती म्हणजे किती जाड धार?

करंगळीएवढी.

मला वाटलंच होतं.

हसू नको तर काय करू? अगं, आपल्या आबांची करंगळी ती. कराडला मोरीत आपण दोघी बादली भरायला बसायचो, धार जरा जाड दिसली की आबा दारात उभे. बोलायचे नाहीत, नुसती करंगळी वर करून दाखवायचे. नगरपालिकेचं पाणी तासभर यायचं आणि वाड्यातली नऊ बिऱ्हाडं भरायची, तेव्हाची गोष्ट. आबांना जाऊन वीस वर्षं झाली आणि तू टेक्सासमध्ये त्यांची करंगळी धरून बसलीस.

आवाज?… हो, ते पण आलं. नळ मोठा सोडला की टबात धबधबा होतो, भिंती पातळ, पलीकडे आश्लेषा झोपलेली. तिची झोप मोडू नये म्हणून धार बारीक. आणि वर तीच पाणी तोडते म्हणून मनात राग. वा गं बाई.

आता ऐक. नीट ऐक. काल सिद्धेशरावांनी मला ज्या दहा गोष्टी सांगितल्या, त्यातल्या नऊ मी मोडून काढल्या. ही एक खरी आहे. त्या पेटीला पाण्याचा जोर लागतो. आतून पाणी जोरात वाहिलं तरच तिला कळतं की कुणीतरी नळ सोडलाय, मग ती जाळ पेटवते. करंगळीएवढ्या धारेला ती ढिम्म हलत नाही. तिला पत्ताच नसतो की कुणी काही मागतंय.

भांडी विसळताना नळ कसा सोडतेस? मोठा ना? म्हणून गरम येतं. घरातले बाकीचे शॉवर घेतात, तो मोठाच असतो. म्हणून त्यांना येतं. बटणाचा काही संबंध नाही यात.

मला काय माहीत ती बटण का दाबते? पाणी किती तापवायचं तो आकडा खाली करत असेल. तुझा नातू नळाशी खेळतो ना? सिद्धेशरावही म्हणाले, मूल असलं की आकडा खाली ठेवायचा, हात भाजायला नको. असेल तसंच काही, नाहीतर आणखी काही. तू विचारलंस का एकदा तरी?… नाही विचारलंस. तुझी रीतच ती. मनातल्या मनात खटला चालवायचा, निकाल द्यायचा आणि आरोपीला चहा करून द्यायचा.

आता ऊठ. ऊठ म्हणते ना. फोन बिनवायरचा आहे ना? घे बरोबर. न्हाणीघरात जा… हो, आत्ता. तुला पटायचं नाही नुसतं सांगून, मला ठाऊक आहे. लहानपणी तवा तापलाय म्हटलं तर बोट लावून बघायचीस.

पोचलीस? लाल खुणेची चावी. सोड… किती सोडलीस? मला आवाज येत नाही. अजून… अजून. अर्धी नको, पुरी सोड. दारात कुणी उभं नाहीये, सरले, सोड.

हं. आता आला आवाज.

हात धर खाली. गार आहे ना? असणारच. नळीत पडून राहिलेलं गार पाणी आधी निघून जाईल. हात काढू नकोस. वाया जातंय, जाऊ दे. तेवढ्यानं अमेरिका कोरडी पडत नाही.

अगं थांब की. लगेच कुठे बंद करायला निघालीस? तोवर मी सांगते, शेजारच्या सीमाच्या घरी… काय?

कोमट. हं. राहू दे हात.

राहू दे…

काय झालं? सरले?… काय झालं, बोल ना.

भाजलं.

भाजलं म्हणते. बघ.

सरले?… आहेस ना?… अगं, गार पाण्यात तीन महिने रडली नाहीस, आता गरम आलं तर रडतेस? पूस डोळे. गार पाणी मिसळ थोडं, हात लाल करून घेऊ नकोस.

आलं असेल मनात वाईट. येतं. मनात आलेलं मनातच राहू दे, तेवढी मुभा सासवांना असावी. ते तिला सांगायचं नाही. पण पाण्याचं सांगायचं. आज ती घरी आली, पायातलं काढलं, की सांगायचं, आश्लेषा, मला पहाटे मोठी धार सोडायची आहे, आवाज होईल, तुझी झोप मोडेल, चालेल का. एवढंच. आणि मग ती काय म्हणते ते ऐकायचं. तिच्या वतीनं तूच उत्तर देऊ नकोस.

नाही चालणार म्हणाली तर?… तर मला फोन कर. मी तिकीट काढून तिकडे येते आणि पहाटे चारला घंटा वाजवून आरती करते. पण म्हणणार नाही ती. तुझ्यासाठी भाकरीचं पीठ शोधणारी मुलगी आहे.

आणि शैलेंद्रला आत्ता फोन लाव. तिकीट नको म्हणून सांग… नाही, संध्याकाळपर्यंत थांबू नकोस, ही मुलं ऑफिसात बसून बटण दाबून मोकळी होतात. कारण विचारलं तर सांग, गुडघे बरे आहेत. आणि म्हणावं, गाठी नातवाच्या गळ्यात मीच घालणार आहे.

हो गं, तुमच्या घराला ती पेटीच बरी. तुमच्याकडे कुणी बाळाला पायांवर घेऊन बसत नाही, सगळे उभ्या उभ्या आंघोळ करणारे. मी तुझ्या पेटीला नावं ठेवत नाही. धार मोठी ठेवायची म्हणजे झालं.

थांब, बेल वाजली. प्लंबरच असणार. तू फोन ठेवू नकोस…

सिद्धेशराव, आलाय तो… हो, दार उघडते मी, तुम्ही खाली या, त्याचं इंग्रजी नाकातून येतं, मला कळत नाही. आणि माझं ठरलंय. टाकीचा… हो, मोठा. गॅसचा… नाही, पेटी वाईट नाही, चांगली आहे. तुम्ही सांगितलेलं जोराचं खरं निघालं, आत्ताच प्लेनोला पारखून घेतलं. पण या घरात तुमचा लेक पायांवर न्हातो, तोवर टाकी. तो उभा राहून शॉवर घ्यायला लागला की आणा तुमची पेटी, मी स्वतः नारळ फोडेन. आणि त्याला म्हणावं, हळू ठोक. आत दोघं झोपलेत.

हं, सरले, बोल. ठरलं इकडचं… सरले?

अगं, कुठे गेलीस?

हॅलो?

पाणी पडतंय नुसतं. बादली भरून वाहतेय वाटतं हिची… नाही, थांब. तांब्याचा आवाज आहे. अंगावर पाणी घेतेय.

घ्या. मी इथे फोन कानाला लावून उभी आणि ही भरदुपारी न्हायला बसली. फोन बंद करायचं पण भान नाही.

केवढा सुस्कारा सोडला हिनं! फोनमधून ऐकू आला मला.

नाही, सिद्धेशराव, काही नाही. सरलाचा फोन आहे… नाही, बोलत नाहीये ती.

न्हाऊ दे. मीच ठेवते.