उभ्या गाडीचं इंजिन

नाही नाही, तायडेसाहेब, आधी केबिनचं दार लावून घ्या — आणि मराठीतच बोलू, बाहेर तुमचे मेकॅनिक कान देऊन आहेत, त्यांना हिंदीच कळतं. सेन्सर ठीक आहे म्हणजे काय? गेल्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, सायलेन्सरच्या पाइपात धुराची गरमी मोजणारा सेन्सर गेलाय. बदललात, आणि आठवड्यात डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा परत हजर! आता म्हणता, जुना सेन्सर गेलाच नव्हता. मग काढलेला कुठाय? — असू दे. मी गुडगावच्या कंपनीत पर्चेसमध्ये आयुष्य काढलंय, परदेशी कंपन्या इकडे यायला लागल्या तेव्हाच पुण्याहून आलो, दिल्लीच्या या द्वारकेत धड रस्ते नव्हते तेव्हा फ्लॅट घेतला — समोरचा फसवतोय की नाही ते मला तोंड बघून कळतं.

बरं, कसं तपासलंत? हां. सकाळी इंजिन गार असताना. बाहेरच्या हवेइतकाच आकडा दाखवत होता — बरोबर. मग एक्सप्रेसवेवर पळवलीत तर आकडा भराभर चढला. वायर जळलेली नाही, प्लग ढिला नाही. अच्छा. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय, धूरच पुरेसा तापत नाही. आणि तापत नाही म्हणून फिल्टरमधली काजळी जळत नाही, साठून राहते, म्हणून दिवा. कळलं हो, मी काही ढ नाही. पण तापत का नाही? गाडी रोज द्वारका ते गुडगाव जाते, मोकळ्या रस्त्याने. बायको चालवते माझी, सुनीती. ती काय बैलगाडीसारखी चालवते?

तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्ये सगळं असतं ना? मग गाडी कुठे कुठे जाते तेही असेल. — सहज विचारलं. नसतं? बरं. किलोमीटर नका सांगू, ते मी रोज बघतो. म्हणजे — नजर जाते. ती आंघोळीला गेली की मी खाली जाऊन... कोणीतरी तेल-पाणी बघायला हवंच की. ऑफिस आणि घर, तेवढेच भरतात, एकसुद्धा जास्त नाही. आणि तरी ऑफिस सुटतं उजेडात आणि बाई वर येते अंधार पडल्यावर! विचारलं तर म्हणते, ट्रॅफिक. अहो, मागच्या वर्षी कंपनीने मोकळं केलं तोवर मीच यायचो ना त्या रस्त्याने! मग माणसाने काय धरायचं? गाडी ऑफिसखाली उभी आणि ही दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत. तुम्हीच सांगा, दुसरं काय? — लग्न झालंय ना तुमचं? मग बघा.

आणि ती सीट! ड्रायव्हरची. दोनदा बघितली मी, पार मागे पाडलेली. सुनीती केवढीशी — तशी सीट ठेवून तिचा हात स्टेअरिंगला तरी पोचेल का? म्हणजे कोणीतरी उंच...

काय? कसले तास? दाखवा. हे इंजिन चालू असल्याचे तास, आणि हे त्यातले गाडी धावल्याचे... मग उरलेले? उभी? इंजिन चालू, एसी चालू, आणि गाडी जागेवर? म्हणून धूर तापत नाही? सिग्नलला असेल यार. — नाही, सिग्नल एवढा मोठा नसतो, खरंय. रोज, आणि प्रवास संपताना. म्हणजे पोचल्यावर? पोचल्यावर कुठे, तायडे? पोचल्यावर तर घर आहे.

थांबा. आमचं पार्किंग बेसमेंटला, उतार मागच्या बाजूने — बाल्कनीतून दिसत नाही. मी असतो ना उभा रोज, नाही दिसत. गार्ड होता एक, मिश्रा. दिवाळीच्या सुमाराला इंटरकॉमवर विचारलं त्याला, तर म्हणाला, ‘साहब, मॅडम तो कब की आ गईं.’ आणि घरात पत्ता नाही! मला वाटलं, हा तिला सामील. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलून काढायला लावला त्याला. तो खरंच...

सीट मागे पाडून पडत असेल. एकटीच. वर मी आहे म्हणून — छे, दमत असेल. बाई दमते. मी काय करतो हो? विचारतो फक्त. लंचला कोण होतं, फोन का लागत नव्हता. दारातच विचारतो, चपला काढायच्या आत, कारण एकदा आत गेली की उत्तरं जुळवते. नवऱ्याने विचारू नये? — असे बघू नका. हात उचलला नाही मी कधी.

काय म्हणालात? बंद जागेत इंजिन चालू ठेवून बसणं... जिवाला? इतकं? हो, धूर जाणार कुठे. पण सांगायचं कसं तिला? मी सांगितलं की तिला कळणार, मला कळलंय. तुम्हीच सांगा, फोन करून — जरा थांबा. तिचाच आहे.

हां, बोल. — वर्कशॉपमध्येच. — नाही गं, विशेष काही नाही, सेन्सरच होता. — हो, परत. — वेळ लागेल म्हणतात, संध्याकाळ होईल मला. — नाही, घरी कोणी नाही. — काय? आत्ताच निघतेस? बरं नाही का तुला? — मग? — हां. सरळ घरी. — बिल्कुल, ये ना. म्हणजे जा. मेट्रोने जा. चावी आहे ना तुझ्याकडे?

...

तायडे, गाडी पळवली की ती काजळी जळते म्हणालात ना? मग न्या. हायवेने मानेसरच्या पुढे काढा, हवी तेवढी पळवा, मला घाई नाही. मी बसतो इथे — मी घरी नसलो की सरळ वर जाते ती. — नको, त्या तासांचा कागद नको. सेन्सर गेला होता, बस्स. जा ना आता, माझ्या तोंडाकडे काय बघताय?