सिनेमातला भीष्म

सिनेमा पाहून आलो की त्यातली माणसं महाभारत-रामायणात बसवायची मला भारी खोड, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सक्करदऱ्याच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक पायरी चढलं की तो भीम आहे की शकुनी हे मी सांगतो. मग पडद्यावरच्यांना काय सोडतो!

तर सुधा, माझी मुलगी, मॅट्रिक झाली त्या वर्षीची गोष्ट. तिला कॉलेजात जायचं होतं, पण आमच्या दादांनी मौद्याचं स्थळ ठरवून टाकलं. घरात थोरल्या भावाचा शब्द शेवटचा. सुधा माझ्याकडे पाहत होती; मी खाली बघत मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सगळे सिनेमाला गेलो. घरी चहा घेताना मी सुरू झालो, "तो थोरला पोरगा म्हणजे कर्ण. अन् बाप पाहिला? भीष्म! घरासाठी सगळं सोसलं, तोंडातून शब्द नाही काढला. अगदी माझ्यासारखा."

बायको हसली. सुधा म्हणाली, "बरोबर आहे, बाबा. भर सभेत द्रौपदी विचारून राहिली होती, तेव्हाही भीष्म खाली पाहत बसले. काल तुम्ही बसले तसेच."

गरम चहा मांडीवर सांडला, तेही मला कळलं नाही. उभा जन्म माणसं ओळखण्यात गेला, आणि पोरीनं मलाच ओळखलं! तसाच उठून दादांपुढे गेलो. "मौद्याले नाही म्हणून कळवा. सुधा शिकणार."

दादांनी विचारलं, "काहून गा? तुले बोलाले कोणं शिकवलं?"

"जिले तुम्ही शिकू नको म्हणून राहिले, तिनंच."