ब्लासिदाने लिहिलेला शेवट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लेखक संघाचे प्रमुख, आदरणीय डॉ. अनास्तासियो बाएस; कंपनीच्या वतीने मुद्दाम विमानाने आलेले आमचे विभागप्रमुख सेन्योर ओल्मेदो; हे सभागृह आपल्याला मोकळं करून देणाऱ्या ग्रंथपालबाई; जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आमच्या प्रकाशनाची संपादक, माझी दोन्या एर्मिनिया रोलोन; आणि पंखे बंद असूनही असुन्सिओनच्या या उकाड्यात उठून न गेलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना निमिया ओवेलारचा नमस्कार.

माझ्याआधी दोघं बोलले. फार सुंदर बोलले. मी बोलण्यातली नाही. मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यात स्वल्पविराम घालणं हे माझं काम, आणि माझं टेबल इतकी वर्षं दोन्या एर्मिनियांच्या टेबलाला लागून आहे, एवढाच माझा अधिकार. सेन्योर ओल्मेदो मला म्हणाले, "निमिया, पाच मिनिटं. हलकंफुलकं. लोकांना हसवा." मी प्रयत्न करते.

दोन्या एर्मिनियांकडे पहिल्यांदा हस्तलिखित घेऊन गेलेले इथे किती जण आहेत? हात वर करा बरं. बघा, अर्धं सभागृह! मग तुम्हाला ठाऊक आहे. आत गेलात की पहिला प्रश्न, "जेवलास का?" जेवला नसाल तर पिशवीतून चीज घातलेला चिपा-पाव निघायचा. दुसरा प्रश्न, "हे कुणाला मोठ्यानं वाचून दाखवलंस?" नसेल दाखवलं, तर मागच्या अंगणात आंब्याखाली बसवून, हातात तेरेरेचा गार पेला देऊन, सगळं वाचायला लावायच्या. आपले कवी रामोन, ते बघा तिथे हसताहेत, त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं की मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं हवीत. दोन्या म्हणाल्या, "सोनेरी करू की. आधी आतली काळी अक्षरं तर धड होऊ देत!" रामोन रागावून गेले. आठवड्याने परत आले. बरोबर ना, रामोन?

आणि कुणी असं समजू नका की बाई जुन्या वळणाची होती म्हणून नव्या काळात बसली नाही. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी फार ऐकलं. आमचे मालक एवारिस्तो वारले, मुलांनी प्रकाशन विकलं, नवी कंपनी आली. दुकानं मिटत गेली, लोक फोनवर वाचू लागले, मग वाचायचंही सोडून ऐकू लागले. लेखक किती चांगला लिहितो याआधी त्याच्यामागे किती माणसं आहेत हे विचारलं जाऊ लागलं. आम्ही बाकीचे रडत बसलो. दोन्यांनी काय केलं? नातवाकडून ध्वनिमुद्रण शिकल्या. खिडकीला गोधडी लावून लेखकांचे आवाज टिपले. लाजऱ्याबुजऱ्या पोरींना कॅमेऱ्यासमोर उभं करून म्हणायच्या, "नाचू नकोस, फक्त तुझ्या आजीबद्दल सांग." मी एकदा कुरकुरले, तर म्हणाल्या, "अगं, फोनवर वाचू देत नाहीतर भिंतीवर वाचू देत, वाचताहेत ना?"

एकच गोष्ट त्यांनी सोडली नाही. करार. नवा लेखक सही करायच्या आधी त्या त्याला समोर बसवायच्या आणि ओळ न् ओळ वाचून दाखवायच्या. "काय देतेस? किती वर्षांसाठी देतेस? उद्या नको झालं तर परत कसं घेशील? आणि तुझ्या लिहिण्यात हात घालायची मुभा कुणाला आहे?" लेखक म्हणायचे, "दोन्या, तुमच्यावर विश्वास आहे, कुठे सही करू सांगा." की भडकल्याच! "माझ्यावर कशाला? मी उद्या नसेन. कागद असेल."

सेन्योर ओल्मेदो घड्याळ बघताहेत. झालीच माझी पाच मिनिटं.

पण अध्यक्षमहाराज, मला आणखी थोडी हवी आहेत. ब्लासिदाबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. नाही दोन्या, हात करू नका. आज मी तुमचं ऐकणार नाही.

ब्लासिदा कागुआसूच्या आरोग्य केंद्रात मदतनीस आहे. तिची थोरली बहीण देल्फिना स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. आपल्या प्रत्येकाच्या घरातून कुणी ना कुणी तिकडे गेलंच आहे, त्यामुळे मी जास्त सांगत नाही. देल्फिना गेली तेव्हा तिची लेक लीस अंगावर पीत होती. ब्लासिदाने तिला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही. लीस मावशीला आई म्हणते आणि आईला फोनवर 'तू कधी येणार' असं विचारते. या सगळ्याची ब्लासिदाने कादंबरी लिहिली, आपल्या गुआरानी भाषेत. बसने आली, मांडीवर पिशवी धरून. आंब्याखाली वाचू लागली. मी आतून ऐकत होते. हातातलं मुद्रित तसंच राहिलं. वाचून झाल्यावर दोन्या म्हणाल्या, "बाई, हे तुझ्या बहिणीला विचारलंस का?"

"विचारलं," ब्लासिदा म्हणाली. "ती म्हणाली, लिही. मी पोरीला टाकून आले नाही, एवढं लोकांना कळू दे."

दोघींनी वर्षभर त्या पुस्तकावर काम केलं. आणि नेमक्या त्याच सुमारास दोन्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पट्टी बांधून त्या घरी पडून होत्या, तेव्हा कंपनीचा नवा करार ब्लासिदाच्या फोनवर आला. आता करार फोनवरच येतात. खाली एक बटण असतं. संध्याकाळपर्यंत दाबलं नाही तर देकार रद्द, असं लिहिलं होतं. तिने दोन्यांच्या घरी फोन लावला. लेकीने उचलला. आई झोपलीय म्हणाली. ब्लासिदाने केंद्राच्या व्हरांड्यात बसून चाळीस पानं वर सरकवली, तिला त्यातलं काय कळणार? आणि बटण दाबलं. तुम्ही काय केलं असतं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय की तुझं पुस्तक आम्हाला हवं आहे!

पुस्तक निघालंच नाही. त्याची स्पॅनिशमध्ये ऐकायची मालिका निघाली. वाचणारा आवाज माणसाचा नव्हता, यंत्राचा होता. तेही चाललं असतं. पण शेवट बदलला होता. मालिकेतली आई एका पुरुषासाठी पोरीला टाकून पळते, आणि पुढे पोरीच्या वाट्याचे पैसे मागायला परत येते. वर ब्लासिदाचं नाव. "सत्य घटनेवर आधारित."

आणि मालिका चालली हो! फार चालली. बसमध्ये, सलूनमध्ये, जिकडे तिकडे तीच. देल्फिना ज्या म्हातारीची सेवा करते, त्या म्हातारीनेच ती लावली. तिच्याच खोलीत, तिचे पाय चोळत देल्फिनाने सगळी ऐकली. मग बहिणीला फोन केला. "मी तुला लिही म्हणाले होते. हे लिही म्हणाले होते?" ब्लासिदा सांगत राहिली, अगं मी नाही, मी असं नाही लिहिलं. पलीकडून देल्फिना म्हणाली, "नाव तुझं आहे." फोन ठेवला. त्यानंतर तिने बहिणीचा फोन उचललेला नाही. लेकीचाही उचलत नाही. इकडे शाळेत पोरी लीसला विचारतात, तुझी आई कुणाबरोबर गेली गं?

ब्लासिदा ऑफिसात आली तेव्हा दोन्यांचा डोळा अजून पुरता बरा नव्हता. ती रडली नाही. उभीच राहिली आणि म्हणाली, "दोन्या, माझी बहीण मला परत मिळवून द्या. पुस्तक राहू दे त्यांच्याकडे."

दोन्या सेन्योर ओल्मेदोंकडे गेल्या. सेन्योर, मी तुमच्याबद्दल खोटं बोलणार नाही. तुम्ही त्यांना बसवलंत, कॉफी दिलीत. तुम्ही म्हणालात, "दोन्या, मूळ शेवट फार शांत आहे. लोकांना राग यावा लागतो, तरच ते पुढचा भाग ऐकतात. आणि बदल करायचा हक्क करारात आहे." होताच. दोन्यांनी शेवट परत मागितला नाही. एक वाक्य मागितलं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला फक्त एवढं म्हणा, की हा शेवट लेखिकेचा नाही. तुम्ही वर विचारून सांगतो म्हणालात. वरून नाही आलं.

मग एका रविवारी सकाळी, आपल्या वस्तीतल्या रेडिओवर, प्रार्थनेनंतर, दोन्या एर्मिनियांनी ब्लासिदाचं शेवटचं प्रकरण गुआरानीत जसंच्या तसं वाचलं. तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं मला माहीत नाही. माझ्या गल्लीत बायका दारात येऊन उभ्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात वकिलांची नोटीस आली. दोन्यांना नाही, ब्लासिदाला! जे विकलंय ते तिने बाहेर वाचू दिलं, म्हणून. तेव्हा दोन्या पुन्हा वरिष्ठांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "प्रत माझ्याकडे होती, वाचलं मी, तिला माहीतही नव्हतं. तिला सोडा. माझं काय ते करा."

म्हणून आज हा समारंभ आहे. आत्ता ज्या शालीचं आणि मानपत्राचं आपण कौतुक केलं, त्यामागे हे आहे. माझी दोन्या निवृत्त होत नाही. तिला घालवलं आहे. आणि तिने सही करून दिलंय की या विषयावर ती कुठेही तोंड उघडणार नाही, म्हणजे ब्लासिदाच्या मागचं झंझट सुटेल. उभ्या हयातीत ओळ न् ओळ वाचून मगच सही करा सांगणाऱ्या बाईने या एकाच कागदावर न वाचता सही केली. मी शेजारच्या टेबलावर होते. मी म्हटलं, "दोन्या, वाचा तरी!" म्हणाल्या, "वाचला तर सही करवणार नाही."

त्यांना बोलायची परवानगी नाही. मी मात्र कशावरही सही केलेली नाही. ब्लासिदाने मला यातला एक शब्दही बोलायला सांगितलेलं नाही, ती आज इथे नाही, हे मी सगळ्यांदेखत सांगते. सेन्योर, सोमवारी माझं टेबल रिकामं करायला सांगितलंत तर करीन. मला राग नाही. मला भीती वाटते.

ही तिसऱ्या रांगेतली मुलं. आमच्या यंदाच्या कार्यशाळेतली. त्यांच्या फोनवर तेच चाळीस पानी करार आलेले आहेत, मला माहीत आहे, कारण सकाळपासून तिघं मला विचारून गेले, "दाबू का?" अरे, मी कोण सांगणारी? मला स्वल्पविराम कळतो, कायदा कळत नाही. ज्यांना कळत होतं त्यांना आपण शाल दिली. आता तुम्ही कुणाकडे जाल? डॉक्टर बाएस, लेखक संघ काय करणार आहे? संघात वकील आहेत, प्राध्यापक आहेत, पारितोषिकं मिळालेली माणसं आहेत. आठवड्यातली एक दुपार यांच्यापाशी बसून कागद वाचेल असा एकही माणूस नाही? मी भांडत नाही, डॉक्टर. मी भीक मागते आहे.

मुलांनो, निदान आज दाबू नका. कुणी म्हणेल संध्याकाळी मुदत संपते. संपू दे. ज्याला तुमचं पुस्तक खरंच हवं आहे, तो उद्याही मागेल. आणि नाही मागितलं, तर पुस्तक तुमच्याकडे राहील. ते फार मोठं आहे रे. ब्लासिदाला विचारा.

तुमच्यातले काही जण हे फोनवर टिपताहेत. टिपा. आणि जमलं तर स्पेनला पाठवा, मालागाला, देल्फिना नावाच्या बाईला. रेडिओवरचं तिच्यापर्यंत पोचलं की नाही, आम्हाला कळलेलं नाही. मी वाचून दाखवत नाहीये, वाचायची बंदी आहे. मला आठवतंय ते सांगते.

देल्फिना, तुझ्या बहिणीने लिहिलं ते असं. आई विमानाने परत येते. पोर मावशीच्या मागे लपते. आई तिला हाक मारत नाही, ओढत नाही, माझी आहेस म्हणत नाही. प्रवासाने तिचे पाय सुजलेले असतात, म्हणून ती तिथेच फरशीवर बसते आणि बूट काढते. पोर मावशीच्या आडून त्या पायांकडे बघते. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. पोर स्वतःच्या पायाकडे बघते. मग मावशीचा हात सोडते, येऊन शेजारी बसते, आणि आपलं पाऊल त्या सुजलेल्या पावलाला लावून ठेवते. मावशी दोघींच्या पिशव्या उचलते. संपलं. तिने एवढंच लिहिलं होतं. तू पळालीस असं त्यात कुठेही नाही. तिचा फोन उचल, बाई.

अध्यक्षमहाराज, तुम्ही मला थांबवलं नाहीत, याचे आभार. सेन्योर ओल्मेदो, तुम्ही उठून गेला नाहीत, तुमचेही. ग्रंथपालबाईंचे, चिपा करून आणणाऱ्या भगिनींचे, आणि एवढा वेळ पुठ्ठ्याने वारा घेत ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. दोन्या एर्मिनिया, तुमचे आभार मानायची माझी लायकी नाही. रडू नका, डोळ्याला चालत नाही तुमच्या.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मला पदरात घ्या. फक्त घरी जाऊन ही हकिगत सांगाल, तेव्हा तिचा शेवट बदलू नका.