पुरुष प्रसाधन

तुम्ही पाट्यांचा विषय काढलात म्हणून आठवलं. नव्वदीच्या दशकात मी आणि आमच्या इंदापूरच्या कचेरीतले शिपाई, शेळगावचे तात्या, रजेच्या प्रवास सवलतीवर कलकत्ता बघायला गेलो होतो. तिथल्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर तात्यांना घाईची लागली.

“भाऊसाहेब, हितं सोय कुठं हाय?”

प्रवाशांसाठी सोय नव्हतीच. पण तात्यांचा चेहरा बघून पहारेकऱ्याला दया आली आणि त्याने कर्मचाऱ्यांचं दार दाखवलं. तात्या धावले आणि दाराशीच थबकले. जन्मभर कचेरीत पाट्या ठोकलेला माणूस, पाटी वाचल्याशिवाय कुठे शिरत नसे. दारावर हिंदीत लिहिलं होतं, ‘पुरुष प्रसाधन’.

तात्या तसेच माघारी आले. “न्हाय जमायचं. तितं गडी पावडर लावत्यात.”

“तात्या, हिंदीत प्रसाधन म्हणजे मुतारी.”

“मग आमच्या सूनबाईच्या पावडरीच्या डब्यावर सौंदर्यप्रसाधन लिवलंय, त्ये काय म्हनायचं?”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका बिनतोड शेरा माझ्या एकाही साहेबाने मारला नव्हता. दोन गाड्या निघून गेल्या. तोवर तात्यांचे पाय एकमेकांत गुंतले होते.

“बरं, लावतो पावडर!” म्हणून ते अखेर आत घुसले.

बाहेर आले ते सावकाश, केसांवरून ओला हात फिरवत.

“काय तात्या, सापडली का पावडर?”

“पावडर न्हाय भाऊसाहेब, पन तोंडावर तेज आलं का न्हाय, बगा!”